आवड आधी की खेळ आधी?

जुलै-ऑगस्टात कॉलेजं मार्गी लागली की जिमखान्याच्या फलकावर कागद चिकटवले जातात. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रॉसकंट्री. इच्छुकांनी अमुक तारखेपर्यंत नावं द्यावीत. मुलांच्या कागदावर जागा पुरत नाही, निवड चाचणी घेऊन निम्म्यांना परत पाठवावं लागतं. मुलींच्या कागदावर बारा नावं जमवताना मात्र क्रीडा शिक्षकांच्या नाकी नऊ येतात. मग खो-खोतलीच मुलगी कबड्डीत उतरवायची, तिलाच क्रॉसकंट्रीत पळवायचं आणि संघ कसाबसा पुरा झाला की हुश्श करायचं, हा प्रकार महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्याचं स्पष्टीकरणही तयारच असतं : मुलींना खेळाची आवडच नसते. प्राचार्य असं म्हणतात, पालक म्हणतात, आणि विचारलं तर बऱ्याच मुलीही तेच सांगतात. खुद्द मुलीच सांगतात म्हटल्यावर वाद मिटायला हवा. पण मानसशास्त्रात गेल्या चार-पाच दशकांत झालेलं काम पाहिलं, तर या स्पष्टीकरणात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली दिसते. आवड असते म्हणून माणूस खेळतो, हे अर्धंच खरं. पुष्कळदा खेळता खेळता थोडं जमू लागतं आणि जमू लागलं की आवड धरते. तेव्हा मुलींना आवड का नाही यापेक्षा, ती धरण्यासाठी मैदानावर जो सुरुवातीचा काळ काढावा लागतो तो त्यांच्या वाट्याला का येत नाही, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

माणूस एखादी गोष्ट का निवडतो आणि एखादी का टाळतो, याची मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एक्लिस यांनी दोन साध्या प्रश्नांवर केली. मला हे जमेल का? आणि जमलं, तर माझ्या लेखी त्याचं मोल काय? दोन्हींची उत्तरं बरी असली तर माणूस तिकडे वळतो. एकाचंही उत्तर नाही असं आलं तर तो पाय मागे घेतो, आणि पाय मागे घेण्याला 'आवड नाही' हे सर्वांना पटणारं नाव देतो. मुलं-मुली गणिताकडे का वळतात किंवा का वळत नाहीत, या अभ्यासातून ही मांडणी पुढे आली. 1991मध्ये एक्लिस आणि रीना हॅरल्ड यांनी ती खेळाला लावून पाहिली. शाळकरी मुलामुलींच्या खेळाविषयीच्या दृष्टिकोनात त्यांना मोठा फरक आढळला, आणि तो फार लहान वयात दिसू लागतो हेही आढळलं. त्याचं मूळ उपजत क्षमतेत शोधण्यापेक्षा मुलगी म्हणून आणि मुलगा म्हणून होणाऱ्या जडणघडणीत शोधावं लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे 'मला जमणार नाही' ही समजूत मैदानावर नापास होऊन आलेली नसते. मैदानावर जाण्याआधीच ती झालेली असते.

आपल्याकडे ही समजूत कशी पक्की होत जाते, ते कोणत्याही आळीत पाहता येईल. नऊ-दहा वर्षांची मुलगी लंगडी, लगोरी, विषामृत, पकडापकडी सगळं खेळते आणि मुलांच्या बरोबरीनं खेळते. आठवी-नववीच्या सुमाराला तिचं खेळणं बंद होतं. कुणी तसा हुकूम काढलेला नसतो. पाळी सुरू झालेली असते, क्लास लागलेला असतो, पीटीचा तास गणितानं घेतलेला असतो, आणि 'आता मोठी झालीस' हे शब्द आई, आजी, शेजारच्या काकू अशा तीन-चार तोंडून तिच्या कानावर पडलेले असतात. तिचा भाऊ त्याच वयात संध्याकाळी बॅट घेऊन बाहेर पडतो. तो शाळेच्या संघात कधीच नसेल, पण अठराव्या वर्षापर्यंत बिल्डिंगखालच्या अंडरआर्म क्रिकेटचे शेकडो तास त्याच्या खात्यात जमा झालेले असतात. झेल घ्यायचा, फेकायचं, पडायचं, खरचटून घ्यायचं, हरल्यावर भांडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं तरी येत असतं. कॉलेजात आल्यावर जिमखान्याचा कागद दोघंही वाचतात. त्याच्या दृष्टीनं ते आधीपासून चालू असलेल्या गोष्टीचं पुढचं पाऊल असतं. तिनं मात्र मधल्या पाच-सहा वर्षांत काहीच खेळलेलं नसतं, ती नवशिकी असते. आणि तो कागद काढला जातो निवड चाचणीसाठी, नवशिक्यांना शिकवण्यासाठी कोणी काढत नाही.

अल्बर्ट बंडुरा यांनी 1977मध्ये 'हे मी करू शकेन' या विश्वासाची कल्पना मांडली आणि तो कुठून येतो याचे चार उगम सांगितले. स्वतः केलेल्या गोष्टीत आलेलं यश, आपल्यासारख्याच कुणाला ती करताना पाहणं, कुणीतरी दिलेला धीर, आणि आपल्या शरीराकडून येणाऱ्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. त्यांतला पहिला सर्वांत भक्कम. त्यामुळे 'आत्मविश्वास वाढवा' या विषयावर सभागृहात घेतलेल्या व्याख्यानांचा खेळाला फारसा उपयोग होत नाही. व्याख्यान हा तिसरा उगम, आणि पहिल्याची जागा तो घेऊ शकत नाही. चौथ्या उगमाकडे तर आपलं लक्षच जात नाही. बरीच वर्षं न पळालेल्या मुलीला चारशे मीटरच्या पहिल्याच फेरीत धाप लागते, छातीत धडधडतं, चेहरा लाल होतो. नियमित पळणारी मुलगी या खुणांचा अर्थ 'अंग तापलं' असा लावते. नवखी लावते 'माझ्यात दमच नाही' असा. शरीर दोघींचं तेच सांगत असतं. आणि आत्मविश्वास आधी लागतो, खेळ मागाहून, ही समजूत वरच्या पातळीवरही टिकत नाही. 30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा करणाऱ्या जेमिमा रॉड्रिग्जनं सामन्यानंतर सगळ्यांसमोर सांगितलं, की या स्पर्धेच्या काळात ती जवळजवळ रोज रडत होती, तिला चिंतेनं घेरलं होतं. मनातली भीती जायची वाट पाहत बसली असती तर ती त्या दिवशी मैदानात उतरलीच नसती.

कबड्डीतली एक चढाई जवळून पाहिली, की नवख्या मुलीपुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते कळतं. समोर बचावाला सात जणी. त्यांच्या अंगणात एकटीनं जायचं, तेही 'कबड्डी कबड्डी' हा दम मोठ्यानं, पंचांना ऐकू जाईल असा, एका श्वासात घुमवत. निदान रेषेपर्यंत गेलंच पाहिजे, ती ओलांडल्याखेरीज परतता येत नाही. कुणी घोटा धरेल, कुणी कमरेला मिठी मारेल, दोघी मिळून उचलून आपटतील. त्यातून हात लांबवून मध्यरेषा गाठायची. पडलं तर धूळ झटकत उठायचं, आणि हे सगळं बाजूला उभी असलेली माणसं पाहणार. आता घरात या मुलीनं इतकी वर्षं काय ऐकलं आहे? हळू बोल, नीट बस, अंग सावर. खेळाचं प्रत्येक कलम या शिकवणीच्या नेमकं उलट आहे. म्हणून पहिल्या दिवशी अनेकींचा दम घशातच अडकतो. पायांत बळ असतं, आवाज निघत नाही. अनुभवी प्रशिक्षक हे ओळखतात आणि आठवडाभर नुसता दम घुमवायला लावतात, सगळ्यांना एकदम, म्हणजे कुणा एकीचा आवाज वेगळा ऐकू येत नाही.

आवाज अडवणारी गोष्ट म्हणजे बघणाऱ्यांची नजर. बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स यांनी 1997मध्ये असं मांडलं, की मुलींच्या शरीराकडे सतत पाहिलं जातं, त्यावर सतत बोललं जातं, आणि हळूहळू मुलगी स्वतःच स्वतःकडे बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांनी पाहू लागते. मग कोणतंही काम करताना तिच्या मनाचा एक भाग 'मी कशी दिसते आहे' याच्या पहाऱ्यावर बसतो. पुढे 2005मध्ये फ्रेडरिकसन आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी किशोरवयीन मुलींना सॉफ्टबॉलचा चेंडू होता होईल तेवढ्या जोरानं फेकायला सांगितलं. ज्या मुलींमध्ये हा पहारा अधिक कडक होता, त्यांची फेक अधिक कच्ची निघाली. हे समजायला अवघड नाही. चेंडू फेकायला खांदा, कंबर, मागचा पाय सगळं एकदम सोडून द्यावं लागतं. ओढणी सावरणारा हात मोकळा सुटत नाही. त्याच सुमाराचा दुसरा एक प्रयोग थोडा दिलासा देतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं आणि किती जणांनी तो पाहिला असेल, असं विचारलं. विद्यार्थ्यांचा अंदाज होता साधारण निम्म्यांनी. प्रत्यक्षात पाहिलेले निघाले जेमतेम पाव. आपल्याला वाटतं तेवढं जग आपल्याकडे पाहत नसतं, हे खरंच. पण याच्या आधारे मुलींना 'कुणी बघत नाही, खेळ' असं सांगणं मात्र अप्रामाणिक ठरेल. तो प्रयोग बंद खोलीतला होता. रस्त्यालगतच्या मैदानावर शॉर्ट्स घालून पळणाऱ्या मुलीकडे कुंपणापाशी दुचाकीवर बसलेले चार जण खरोखरच पाहत असतात, आणि नुसते पाहत नसतात.

नजर हेच मुख्य कारण आहे, कष्ट किंवा दमणूक नाही, याचा पुरावा आपल्या घरातच आहे. मंगळागौरीच्या रात्री नऊवारी नेसून बायका जिम्मा, फुगडी, बसफुगडी, आगोटा-पागोटा, पिंगा असे एकामागून एक खेळ पहाटेपर्यंत खेळत आल्या आहेत. बसफुगडी दोन मिनिटं करून पाहावी. मांड्या भरून येतात. त्या खेळांत धाप होती, घाम होता, चुरस होती, एकमेकींची थट्टा होती, आणि बायकांच्या जातीला हे शोभत नाही असं कुणाला वाटलं नाही. का? ते घरात होतं, रात्री होतं, सगळ्या बायकाच होत्या आणि वर त्याला देवीच्या व्रताचं आवरण होतं. म्हणजे बाईनं दमून घामाघूम व्हायला समाजाची हरकत कधीच नव्हती. शेतात, विहिरीवर, जात्यावर ती रोज होतच होती. हरकत होती ती उघड्यावर, पुरुषांच्या देखत, स्वतःच्या मौजेसाठी घामाघूम होण्याला.

नजरेच्या या प्रश्नाला एक अगदी साधी, कापडी बाजूही आहे आणि आपल्याकडे ती बोललीच जात नाही. ब्रिटनमधल्या 11 ते 18 वयाच्या 2,089 शाळकरी मुलींच्या 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 46 टक्के मुलींनी सांगितलं, की स्तनांमुळे आपल्या खेळातल्या सहभागावर काही ना काही परिणाम होतो. उडी मारताना होणारी हालचाल, दुखणं, आणि लोकांच्या ते लक्षात येईल ही धास्ती. यावर उपाय स्पोर्ट्स ब्रा हाच आहे. तो मानसशास्त्रज्ञाकडे नाही, दुकानात मिळतो. जिमखान्याच्या खर्चात टी-शर्ट, ट्रॅकपँट, गुडघ्याच्या पट्ट्या बसतात. ही गोष्ट बसत नाही, कारण मागणी लिहिणारे हात बहुधा पुरुषांचे असतात आणि मुलींना ती सांगवत नाही. पाळीच्या दिवसांचंही तेच. सरावाला येत नाही असं सांगण्यासाठी 'पोट बिघडलंय' हा निरोप मैत्रिणीकरवी पाठवावा लागतो, आणि अशा तीन-चार निरोपांनंतर शिक्षकांच्या वहीत तिची नोंद 'अनियमित' अशी होते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. मुलींच्या मनात कसलं डोकावता? मैदानाशेजारी स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला खोली नाही, शेवटची एसटी साडेपाचला सुटते, घरी गेल्यावर भाकऱ्या थापायच्या आहेत. हे सोडून मानसशास्त्र सांगणं म्हणजे सगळा दोष मुलींच्या डोक्यात असल्याचं सुचवणं. आक्षेपातला वेळेचा भाग तर आकड्यांनीच सिद्ध झालेला आहे. केंद्र सरकारच्या 2019च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं, असं दिसलं; शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत एक. यातलाच एक विचित्र धागा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या अभ्यासात सापडतो. 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या मुलामुलींपैकी 81 टक्के पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, असं त्यात आढळलं. मुलगे आणि मुली दोघांच्याही बाबतीत भारत आणि बांगलादेश त्यातल्या त्यात बरे दिसले. मुलगे बरे दिसले त्याचं श्रेय अभ्यासकांनी क्रिकेटसारख्या खेळांच्या वेडाला दिलं, आणि मुलींचं? घरकामाला. केर-फरशी आणि पाण्याच्या घागरी जागतिक तक्त्यात 'शारीरिक हालचाल' म्हणून जमा झाल्या आहेत, आणि त्यावर आपण समाधान मानावं अशी सोय झाली आहे.

तरीही हा आक्षेप एका जागी अडतो. जिथे स्वच्छतागृह आहे, खोली आहे, वसतिगृह मैदानाला लागून आहे, अशा शहरी कॉलेजांतही मुलींचा कागद अर्धाच भरतो. अडचण दूर झाली की मनावरचा तिचा ठसा त्याच दिवशी पुसला जात नाही. सहा वर्षं ज्या मुलीनं 'आपल्यासाठी नाही' असं शिकून घेतलं, तिला दार उघडल्याचं कळायलाही वेळ लागतो. मानसिक कारणं मुलीच्या डोक्यात आभाळातून पडत नाहीत. बाहेरच्या अडचणी पुरेशा काळ टिकल्या की त्यांचंच रूपांतर आतल्या नकारात होतं. म्हणून सुविधा की मानसिकता, हा वाद मला निरर्थक वाटतो. सुविधा आधी हव्यातच. पण बांधून झाल्यावर 'आता तरी मुली कुठे येतात' असं म्हणून हात झटकणं चूक.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. मुलींना मुळातच चुरस नको असते, स्पर्धा हा पुरुषी स्वभाव आहे, असं अनेक सुशिक्षित माणसं मनापासून मानतात. याची परीक्षा उरी ग्नीझी, केनेथ लेनर्ड आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी घेतली, आणि गंमत म्हणजे निम्मी परीक्षा भारतातच झाली. टांझानियातले मसाई, ज्यांच्यात पुरुषसत्ता कडक. आणि मेघालयातले खासी, ज्यांच्यात वंश आणि मालमत्ता आईकडून मुलीकडे जाते. काम अगदी साधं होतं : टेनिसचा चेंडू खालून हात फिरवून तीन मीटरवरच्या बादलीत टाकायचा, दहा वेळा. मोबदला दोन प्रकारे घेता येई. प्रत्येक यशस्वी फेकीला ठरावीक रक्कम. किंवा एका अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी स्पर्धा आणि जिंकल्यास तिप्पट. मसाईंमध्ये स्पर्धा निवडणाऱ्या पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. खासींमध्ये पारडं फिरलं, तिथे स्पर्धा निवडण्यात स्त्रियाच पुरुषांच्या पुढे होत्या. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानं निसर्गाचा वाटा शून्य ठरतो, असं मी म्हणणार नाही. एका अभ्यासानं तसं ठरतही नसतं. पण स्त्रियांना चुरस नकोच असते हा नियम म्हणून तरी निकालात निघतो.

याहून मोठा पुरावा अमेरिकेतल्या एका कायद्यानं दिला. 1972च्या 'टायटल नाइन' या तरतुदीनं सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करायला बंदी केली आणि खेळही त्यात आला. 1971-72मध्ये तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखही नव्हत्या; 2018-19मध्ये त्या 34 लाखांच्या घरात होत्या. जनुकं काही दोन पिढ्यांत बदलत नाहीत. 'आवड नाही' हा युक्तिवाद तिथे चक्क न्यायालयात झाला होता. 1991मध्ये ब्राउन विद्यापीठानं मुलींच्या जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल संघांचा पैसा काढून घेतला तेव्हा खेळाडूंनी खटला भरला, आणि मुलींना मुलांइतका रसच नाही हा विद्यापीठाच्या बचावाचा गाभा होता. अपील न्यायालयानं तो फेटाळताना सांगितलं, की रस आणि क्षमता पोकळीत वाढत नाहीत, संधी आणि अनुभव मिळेल तशा घडत जातात. न्यायाधीशांनी तिथे एक्लिस आणि बंडुरा यांचंच म्हणणं कायद्याच्या भाषेत सांगितलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता तिसरी गोष्ट : आदर्श. 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्याच वर्षी जानेवारीत प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली खो-खोचा पहिला विश्वचषक आला. आता मुली आपोआप मैदानाकडे वळतील, अशी आशा सगळीकडे व्यक्त झाली. आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत ती रास्त आहे. कॉलेजातल्या मुलींच्या बाबतीत मला शंका आहे, आणि शंकेला आधार आहे. कॅनडातल्या पेनेलोप लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी 1997मध्ये दाखवलं, की असामान्य यशाची कहाणी तिथवर पोचायला अजून वेळ आहे असं वाटणाऱ्याला चेतवते. ज्याची वेळ निघून गेली आहे त्याला ती तशी चेतवत नाही. लेखाशास्त्राच्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी उमेदीनं भरले, शेवटच्या वर्षाच्यांवर तो परिणाम झाला नाही. सांगलीची स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात निवडली गेली होती. अठराव्या वर्षी पहिल्यांदा बॅट धरणाऱ्या मुलीला ही कहाणी काय सांगते? नऊ वर्षं उशीर झाला, एवढंच. तिला हवी असते ती तिच्याच वर्गातली, तिच्याइतकीच कच्ची मुलगी, जी गेल्या जूनपासून सरावाला येऊ लागली आणि आता सर्व्हिस जाळीपार टाकते. बंडुरांच्या दुसऱ्या उगमातले 'आपल्यासारखे' ते हेच.

आणि 'त्याचं मोल काय' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पहाटे पाचला रस्त्यावर पाहायला मिळतं. माण-खटावपासून बीड-धाराशिवपर्यंत मुली पोलीस भरतीसाठी पळत असतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते. याच गावांत हौस म्हणून पळणाऱ्या मुलीवर शेरे पडले असते. भरतीसाठी पळणारीला म्हातारी माणसं बाजूला होऊन वाट देतात, भाऊ स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. पाय तेच, रस्ता तोच. कारण प्रतिष्ठेचं मिळालं आणि नजर बदलली. खेळाडूंसाठी असलेलं पाच टक्के नोकरी आरक्षणही याच प्रकारचं परवानापत्र आहे. मोही गावच्या ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या आणि पुढे राज्य शासनात अधिकारी झाल्या, हे उदाहरण माणदेशातल्या पालकांना पदकाइतकंच पटतं. पुस्तकी आक्षेप असा, की बाहेरचं आमिष आतली गोडी मारतं. 1973च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना प्रशस्तिपत्राचं वचन दिल्यावर पुढे त्यांचं चित्रं काढणं कमी झालं होतं. पण त्या मुलांना गोडी आधीपासून होती. जिला ती लागायची संधीच मिळाली नाही, तिच्यापासून काय हिरावलं जाणार? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या प्रेरणेच्या सिद्धांतातही बाहेरून आलेलं कारण हळूहळू आपलंसं होऊ शकतं, असं म्हटलं आहे. अट एवढीच की त्या वाटेवर स्वतः ठरवण्याची मुभा, जमत असल्याची जाणीव आणि सोबत्यांची ऊब मिळाली पाहिजे. भरतीच्या धावपळीला मर्यादा आहे हे मात्र मान्य. निकाल लागला, की बहुतेकींचे बूट माळ्यावर जातात.

या तीन अटींवर आपला जिमखाना तपासला तर काय दिसतं? खेळ कोणता ते स्पर्धेचं वेळापत्रक ठरवतं, त्यामुळे मुभा नाही. पहिल्याच दिवशी चाचणी, त्यामुळे जमत नसल्याचीच जाणीव पक्की होते. आणि निवड एकेकीची होते. दोन मैत्रिणी आल्या, एक घेतली आणि एक परत पाठवली तर दुसऱ्या आठवड्यात पहिलीही येत नाही, हे बहुतेक क्रीडा शिक्षकांना माहीत आहे. प्रशिक्षक काय मोजतो यालाही महत्त्व असतं. जॉन निकोल्स यांनी दाखवलेला फरक असा : काहींच्या लेखी प्रगती म्हणजे काल जमत नव्हतं ते आज जमलं, काहींच्या लेखी प्रगती म्हणजे शेजारीण मागे पडली. नवशिक्यांच्या घोळक्यात दुसरी मोजपट्टी लावली तर तळाच्या निम्म्या मुली गळणारच. उपाय साधा आहे : जूनपासून दोन महिने चाचणी न घेता, गटानं, आडोशाच्या वेळी आणि शक्यतो बाई प्रशिक्षकाच्या हाताखाली फक्त शिकवायचं. संघ ऑगस्टात निवडायचा, आणि जिची निवड झाली नाही तिचा सराव चालू ठेवायचा. याला नवा पैसा जवळजवळ लागत नाही.

झुंबा आणि योगवर्ग आहेतच की, मग संघाचा अट्टहास कशाला, असंही कुणी म्हणेल. जी मुलगी झुंबा करते तिनं तो जरूर करावा. भारतातल्या प्रौढ स्त्रियांपैकी 57 टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत, असा 2022चा अंदाज आहे, तिथे नाकं मुरडायला जागा नाही. पण झुंबाच्या वर्गात मुलगी बहुतेक वेळ आरशाकडे पाहत असते आणि वजनाचा काटा तिची वाट पाहत असतो. पहारा सुटत नाही. व्हॉलीबॉलचा चेंडू अंगावर येत असताना आपण कशा दिसतो याचा विचार करायला सवड नसते, आणि मला तरी सांघिक खेळाचा हा सर्वांत मोठा फायदा वाटतो. अडचण आहे ती मोजणीची. कॉलेजच्या मूल्यांकनात पदकं मोजली जातात, स्पर्धा मोजल्या जातात. जूनमध्ये चेंडूला घाबरणारी मुलगी मार्चमध्ये सर्व्हिस करू लागली, तर ते लिहायला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही. म्हणून पुढच्या जुलैतही जिमखान्याच्या फलकावर कागद लागेल तो निवड चाचणीचाच.